लर्नर, जाइमे

(१७ डिसेंबर १९३७–२७ मे २०२१). ब्राझीलचे वास्तुविशारद, नगररचनाकार आणि कुरितीबा शहराचे तीन वेळा महापौर. पहिल्या दोन वेळा (१९७१–७५, १९७९–८३) लष्करी राजवटीत त्यांची नेमणूक झाली. तिसऱ्या वेळी (१९८९–९२) ते निवडून आले. पुढे ते पाराना राज्याचे गव्हर्नर झाले.

कुरितीबाची लोकसंख्या १९७० मधील सु. ६ लाखांवरून १९९१ पर्यंत सु. १३ लाखांवर गेली. ही वाढ रोखण्यापेक्षा तिला दिशा देण्यावर लर्नर यांचा भर होता. बससाठी राखीव मार्ग असलेले मुख्य अक्ष ठरवून त्यांच्या कडेलाच उंच इमारतींना परवानगी देण्यात आली. त्यामुळे जिथे वस्ती दाट, तिथेच बसला प्रवासी मिळाले. राखीव मार्गांवरील बससेवा १९७४ मध्ये सुरू झाली. १९९१ पासून आलेल्या नळीच्या आकाराच्या थांब्यांत प्रवासी आधीच भाडे भरून बसच्या पातळीवरील फलाटावर उभे राहत. पूरप्रवण नदीकाठांवर बांधकामाऐवजी उद्याने व तलाव करण्यात आले.

१९७२ मध्ये मुख्य बाजाररस्ता व्यापाऱ्यांच्या विरोधाला न जुमानता सुमारे तीन दिवसांत पादचाऱ्यांसाठी राखण्यात आला. वाहनचालक रस्त्यात घुसण्याच्या बेतात असल्याचे कळताच तेथे लांबच लांब कागद अंथरून मुलांना चित्रे काढायला बसवण्यात आले.

पूर्ण आराखड्याची वाट न पाहता लहान, मोक्याच्या कामांनी शहराला चालना देण्याच्या या पद्धतीस त्यांनी ‘नागरी ॲक्युपंक्चर’ म्हटले. मात्र शहराच्या हद्दीबाहेर पसरलेल्या गरीब वस्त्यांपर्यंत हे नियोजन पुरेसे पोहोचले नाही, अशी टीका होते.