रॅडबर्न, चार्ल्स (‘ओल्ड हॉस’)

(११ डिसेंबर १८५४ – ५ फेब्रुवारी १८९७). अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या आरंभकाळातील ख्यातनाम पिचर. जन्म न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे. बालपण इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन गावी गेले. वडील इंग्लंडहून आलेले खाटीक होते.

१८८१ मध्ये रॅडबर्न नॅशनल लीगमधील प्रॉव्हिडन्स ग्रेज संघात आला. त्या काळी पिचर व बॅटर यांच्यातील अंतर ५० फूट होते (आजचे ६० फूट ६ इंच अंतर १८९३ पासूनचे) आणि एका संघाचे काम दोन पिचरांवर भागे. १८८४ च्या जुलैमध्ये बेशिस्तीबद्दल रॅडबर्नला निलंबित करण्यात आले. त्याच सुमारास दुसरा पिचर चार्ली स्वीनी संघ सोडून गेला, तेव्हा रॅडबर्नचे निलंबन मागे घेण्यात आले आणि उरलेला हंगाम त्याने जवळजवळ एकट्याने पेलला. संपूर्ण हंगामात त्याने ७३ सामने पूर्ण टाकले आणि ४४१ बॅटर बाद केले. हंगामातील त्याचे विजय काही नोंदींत ५९, तर काहींत ६० आहेत. विजयाचे श्रेय कोणत्या पिचरला द्यायचे, याचे नियम तेव्हा पक्के झालेले नव्हते. खांदा इतका दुखे, की सकाळी केस विंचरायलाही हात उचलत नसे, असे सांगितले जाते. हंगामाअखेर न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सविरुद्धचे तिन्ही अजिंक्यपद सामने त्यानेच जिंकून दिले. पुढे बोस्टन व सिनसिनाटी येथे खेळून तो १८९१ मध्ये निवृत्त झाला. नंतर शिकारीच्या अपघातात त्याचा एक डोळा गेला. १९३९ मध्ये त्याला मरणोत्तर ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले.

जुन्या कार्डांच्या संग्राहकांना रॅडबर्न परिचित आहे तो ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या कार्डांमुळे. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६ ते १८९० या काळात ही कार्डे सिगारेटच्या पाकिटांत घातली. पाकीट ताठ राहावे आणि गिऱ्हाईक पुन्हा यावे, हे त्यांमागचे हेतू. तपकिरी छटेचे खरे छायाचित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असे. चित्रण स्टुडिओत होई आणि चेंडू दोऱ्याने टांगला जाई; काही कार्डांत तो दोराही दिसतो. बोस्टन संघातील रॅडबर्नच्या एका कार्डावर कमरेवर टेकवलेल्या हाताचे मधले बोट असभ्यपणे ताठ आहे. १८८६ च्या एका सांघिक छायाचित्रातही त्याने हीच खोडी केली होती.

या मालेत पाचशेहून अधिक खेळाडू आणि प्रत्येकाच्या अनेक मुद्रा असल्याने तिचा पूर्ण संच जमवणे जवळपास अशक्य ठरते. संग्राहक तिला ‘एन १७२’ म्हणतात. हा क्रमांक जेफर्सन बर्डिक यांच्या कार्डसूचीतील असून, त्यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात आहे. कार्डाचे मोल ठरवताना कोपरे व घड्यांइतकेच चित्राच्या गडदपणाला महत्त्व असते, कारण ही छायाचित्रे उजेडाने फिकट पडतात. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले, तर ते कार्ड पुनर्मुद्रण समजावे. अस्सल छायाचित्रात छटा सलग असते.