उचलून नेता येणारे घर

मध्य जावातील भातखाचरांमध्ये वसलेल्या एखाद्या लहानशा खेड्यात जमीन एकाच्या मालकीची आणि तीवरचे राहते घर दुसऱ्याच्या मालकीचे असणे, त्या घरमालकाने एके दिवशी आपले घर खांब-तुळयांसकट उतरवून दुसऱ्या गावी नेऊन उभे करणे, आणि या व्यवहारात कोणालाही काही वावगे न वाटणे, ही जुनी वहिवाट आहे. स्थावर आणि जंगम असा जो भेद दस्तऐवजांत केला जातो, त्यात जावाच्या शेतकऱ्याचे लाकडी घर, ज्याला तो ‘ओमाह’ म्हणतो, जंगमाच्या रकान्यात पडते. सुतारकामाने ही रीत शक्य केली. तिची गरज मात्र निर्माण केली ती जमीन, माणूस आणि राजसत्ता यांच्या जुन्या संबंधांनी, असे माझे मत आहे.

या घराला जमिनीत गाडलेला पाया नसतो. चौथऱ्यावर ‘उंपाक’ नावाचे घडीव दगड ठेवायचे आणि त्यांवर सागाचे खांब उभे करायचे. बुंध्याकडचा भाग खाली आणि शेंड्याकडचा वर, कारण झाड रानात जसे उभे होते तसेच ते घरातही उभे राहावे, हा तिथल्या सुतारांचा कटाक्ष. मधल्या चार खांबांना ‘सोको गुरू’ म्हणतात. त्यांच्या माथ्यांवर कुसू आणि खोबण यांनी तुळया अडकवून, पाचरी ठोकून, खिळ्यावाचून चौकट आवळली जाते, आणि ‘जोग्लो’ पद्धतीच्या थोरामोठ्यांच्या घरात याच चौकटीवर तुळयांचे थरांवर थर चढत जाऊन उंच छपराला आतून पेलून धरतात. भिंतींवर छपराचा भार नसतो. गरिबाच्या घरी त्या विणलेल्या बांबूच्या तट्ट्यांच्या, सधनाच्या घरी कोरीव सागवानी फळ्यांच्या. जोग्लोचा मान आणि ऐपत लुराह म्हणजे गावचा मुखिया, अंमलदार आणि सधन कुळे यांची. सामान्य शेतकरी दोन पाख्यांच्या ‘कांपुंग’ किंवा चार पाख्यांच्या ‘लिमासान’ छपराखाली राही. तिन्ही प्रकारांची चौकट मात्र जशी जोडली तशीच उकलता येते. उतरवण्यापूर्वी सुतार तुळयांवर जागेची आणि दिशेची खूण करून ठेवतो, म्हणजे पूर्वेची तुळई नव्या गावातही पूर्वेलाच बसते.

मध्य जावातील जुन्या मातारामच्या राज्यात जमीन मुबलक होती आणि ती कसणारे हात थोडे. त्यामुळे राजाची दौलत शेतांच्या मोजणीपेक्षा कष्टकरी कुटुंबांच्या गणतीवर ठरे. या गणतीच्या एककाला ‘चाचाह’ म्हणत, आणि १७५५ साली गियांतीच्या तहाने राज्याचे सुराकार्ता आणि योग्याकार्ता असे दोन तुकडे झाले, तेव्हा वाटणीचा हिशेबही चाचाहांतच झाला. राजपुत्रांना आणि सरदारांना वेतनाऐवजी ठरावीक कुटुंबांचा वसूल आणि त्यांची वेठ तोडून दिली जाई. अशा व्यवस्थेत रयतेच्या हाती निघून जाणे हेच काय ते शस्त्र होते. मागणी असह्य झाली की कुटुंबे परागंदा होत, आणि ज्या अंमलदाराच्या हद्दीत हातांची वाण असे, तो त्यांना आनंदाने ठेवून घेई. पिढ्यान्‌पिढ्या खपून घातलेले खाचरांचे बांध अर्थातच मागे राहत. रेडे, नांगर, बियाणे आणि घर एवढेच बरोबर निघू शके. ज्या समाजात उद्या गाव सोडावे लागण्याची शक्यता रोजच्या हिशेबात धरलेली असते, त्या समाजाने आपली सर्वांत मोठी मिळकत सुटी होईल अशी बांधली, यात मला विलक्षण शहाणपण दिसते.

घर हलवणे हे एका कुटुंबाचे काम नव्हे. त्यासाठी शेजाऱ्यांना बोलावण्याच्या रीतीला ‘सांबातान’ म्हणतात. मजुरी नाही, यजमानाने जेवण द्यायचे आणि पुढे त्यांच्या घरी असेच काम निघाले की आपण जायचे. बांबूची हलकी घरे तर कित्येकदा न उकलता पंचवीस-तीस माणसे खांद्यावर उचलून नेतात. नव्या जागी आढे चढवण्याच्या वेळी ‘मुंगगाह मोलो’ नावाचा विधी होतो: आढ्याला तांबडे आणि पांढरे कापड बांधतात, केळीचा घड, नारळ, ऊस आणि भाताच्या लोंब्या टांगतात आणि खाली जमलेल्या मंडळींसह प्रार्थना करतात. प्रार्थना बहुधा अरबी, आणि घराच्या मागल्या बाजूची मधली खोली मात्र परंपरेने भाताची देवता देवी श्री हिची. घर नव्या गावी गेले की तिची खोलीही तिथे जाते.

वारसाहक्कातही ओझ्याची भाषा आहे. मुलाला ‘सपिकुल’ म्हणजे कावडीच्या दोन्ही टोकांचे ओझे आणि मुलीला ‘सगेंदोंगान’ म्हणजे शेल्याने पाठीशी बांधलेले एकच ओझे, असे दोनास एक प्रमाण सांगतात. प्रत्यक्षात पुष्कळ कुटुंबे समान वाटे करतात, आणि आईबापांचा अखेरपर्यंत सांभाळ करणाऱ्या अपत्याकडे राहते घर जाते. पुढचा मंडप, ज्याला ‘पेंदोपो’ म्हणतात, एका भावाने उतरवून न्यावा आणि माजघर बहिणीकडे राहावे, अशी खातेफोड लाकडात सहज होते.

घर हलते राहण्यासाठी साग हवा, आणि सागावर डचांची नजर प्रथमपासून होती. जहाजबांधणीसाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने उत्तर किनाऱ्यालगतच्या रानांत खेडुतांकडून तोडणीची वेठ घेतली. १८०८ साली गव्हर्नर-जनरल डांडेल्स यांनी रानांसाठी सरकारी खाते उभारले. आणि १८६५ च्या जंगल कायद्यानंतर ज्या झाडांतून आजोबांनी खांब काढले, त्यांनाच हात लावणारा नातू गुन्हेगार ठरू लागला. ब्लोरा भागातील सामिन सुरोसेंतिको या शेतकऱ्याने १८९० च्या सुमारास शिकवले की माती, पाणी आणि लाकूड यांवर सर्वांचा सारखा हक्क आहे. त्याच्या अनुयायांनी सारा नाकारला आणि सरकारी रानांत साग तोडला. १९०७ साली त्याला पकडून सुमात्रात हद्दपार केले. १९१४ साली तो तिथेच वारला. लाकडावरच्या हक्काची सामिनची ही तक्रार मला न्याय्य वाटते.

कायद्यात मात्र खेड्याची रीत अखेर वरचढ ठरली. १८४८ साली वसाहतीत लागू झालेल्या युरोपीय दिवाणी संहितेनुसार जमिनीला जे जडले ते जमीनमालकाचे. देशी रयतेचे व्यवहार मात्र ‘आदात’ म्हणजे रूढीनुसार चालत, आणि तिला कायद्याची प्रतिष्ठा मिळावी म्हणून लायडनचे प्राध्यापक कॉर्नेलिस फान फोलेनहोवेन यांनी आयुष्य वेचले. स्वतंत्र इंडोनेशियाने २४ सप्टेंबर १९६० रोजी जमिनीचा मूलभूत कायदा केला, तेव्हा त्याची बैठक आदातवरच ठेवली; जमीन आणि इमारत यांचे मालक वेगळे असू शकतात, हे तत्त्व त्यामुळे राष्ट्राचे झाले.

पुढे साग महागला, सिमेंट आणि विटा आल्या, पक्के घर ही प्रतिष्ठेची खूण बनली. २७ मे २००६ च्या सकाळी योग्याकार्ताच्या दक्षिणेकडील भूकंपात पावणेसहा हजारांच्या आसपास माणसे दगावली, ती मुख्यतः कच्च्या जोडणीच्या विटांच्या भिंतींखाली. कोतागेदे या जुन्या वस्तीतील अनेक जोग्लोंचीही पडझड झाली आणि दुरुस्ती न झेपणारे मालक घरे विकू लागले. त्यांपैकी एक गजाह मादा विद्यापीठाने घेऊन जागच्या जागी सावरले. इतरत्र दलाल आले. आज जुन्या जोग्लोचे गिऱ्हाईक हॉटेल, उपाहारगृह किंवा बालीतील विश्रामगृह असते, आणि कुटुंबाला मागे ठेवून घर एकटेच प्रवासाला निघते. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. रूढीने आणि कायद्यानेही तो आपल्या हक्काचीच वस्तू विकतो. आलेल्या पैशातून त्याच चौथऱ्यावर तो विटांचे घर बांधतो, आणि १९६० चा कायदा काहीही म्हणो, ते घर आता जमिनीपासून सुटणार नाही.