उन्हाळा आणि आपली चोळी



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे ठरले, तेव्हा कोणी पाककृती घेतल्या, कोणी जात्यावरच्या ओव्या घेतल्या, तर कोणी तीर्थयात्रेची हकीकत घेतली. मी ‘चोळी’ हा विषय सांगितला तेव्हा दोघीचौघी तोंडाला पदर लावून हसल्या. त्यात त्यांचा दोष नाही. वीस वर्षांपूर्वी मीही हसले असते. परंतु ज्या वस्त्रावाचून आपला एक दिवस जात नाही, त्याचा इतिहास जाणून घ्यायला लाज कसली? मी काही विदुषी नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनालयातून आणलेली पुस्तके आणि वडीलधाऱ्या बायकांनी सांगितलेल्या गोष्टी, एवढेच माझे भांडवल. चुकले तर सांभाळून घ्यावे.

प्रथम हा विषय का घेतला ते सांगते. माझे शिक्षण सातवीवर थांबले याची अनेक कारणे घरात सांगितली गेली. खरे कारण मी कोणालाच सांगितले नव्हते. तेराव्या वर्षीच माझे अंग भरले, आणि बांधा आमच्या घराण्याचा, म्हणजे छातीने भारी. शाळेचा गणवेश सर्व मुलींना एकाच मापाचा. तो छातीवर ताणला जाई, बटणे उसवत, आणि मैदानावर धावायचे म्हटले की मला मेल्याहून मेल्यासारखे होई. मी पाठीत वाकून, वह्या छातीशी धरून चालू लागले. आखाजीला सगळ्या मैत्रिणी झोक्यावर उंच जात, मी मात्र दोरी धरून खाली उभी राही. वैशाखाच्या उन्हात अंगावर दोन-दोन कपडे घालून मी स्वतःला झाकीत असे, आणि त्याखाली घामोळ्यांनी कातडी सोलून निघे. पुढच्या वर्षी मी शाळेत गेलेच नाही.

त्या उन्हाळ्यात माझी आजी मला म्हणाली, “अवं पोरी, आंग वाईट नाही, चोयी वाईट आहे.” त्या वेळी मला हे वाक्य कळले नाही. या लेखात त्याचाच अर्थ सांगायचा आहे.

आपल्या जळगावहून अजिंठ्याची लेणी साठेक किलोमीटरवर. आपण सहलीला जातो, बुद्धाची मूर्ती पाहतो, डबा खातो आणि परत येतो. पुन्हा जाल तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील नर्तकीचे चित्र नीट पाहा. तिच्या अंगात लांब बाह्यांचे, बेतून शिवलेले वस्त्र आहे. त्याच भिंतींवर इतर स्त्रियांच्या अंगावर मात्र वरचे वस्त्र नाही, किंवा असलेच तर अगदी झिरझिरीत. ही चित्रे सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीची. म्हणजे शिवलेली चोळी आपल्याकडे कोणी परक्याने आणली असे नाही. आणि ती सर्वांनीच घातली पाहिजे असाही तेव्हा दंडक नव्हता. संस्कृतात कंचुकी, चोलक, कूर्पासक अशी नावे आहेत. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’त थंडीच्या दिवसांत स्त्रिया घट्ट कूर्पासक घालतात आणि वसंत आला की जड वस्त्रे टाकून पातळ वस्त्रे नेसतात असे वर्णन आहे. ऋतुप्रमाणे अंगावरचे कापड बदलावे ही अक्कल आपल्या पूर्वजांना होती. आपण मात्र मे महिन्यात, पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेला तरी, टेरिकॉटचे घट्ट पोलके घालून चुलीपुढे बसतो.

आता आपल्या मराठी चोळीकडे वळू. नऊवारी लुगड्यावरची जुनी चोळी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिची गाठ आठवत असेल. पाठ आणि बाह्या अंगाबरोबर, पुढून दोन टोके, आणि ती टोके छातीच्या खाली ओढून बांधायची. बटण नाही, हूक नाही. ही चोळी बहुधा खणाची असे. खण म्हटला की गुळेदगुड्डचे नाव येते. ते गाव आता कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे, पण तिथले खण कितीतरी पिढ्या महाराष्ट्रातल्या घरोघरी ओटीत पडले. घरी रोज घालायला साध्या सुती कापडाची चोळी असे. ती बेतायची विद्या घरातल्या बायकांना होती, किंवा गावातला शिंपी बेतून देई. ज्या संत नामदेवांचे अभंग आपण गातो, ते शिंप्याच्याच घरातले होते, हेही सहज आठवले म्हणून लिहिले.

या गाठीत मोठे शहाणपण होते. भारी छातीचा भार खांद्यांनी उचलावा अशी आपली समजूत असते, म्हणून आपण खांद्यावरचे पट्टे ओढून ओढून आवळतो. त्याने खांद्यावर चऱ्या पडतात, मान धरते. खरा आधार मिळतो तो छातीच्या खालून, फासळ्यांभोवती बसणाऱ्या पट्ट्याचा. चोळीची गाठ नेमकी तिथेच बसते. शिवाय ती हवी तशी सैल करता येते. गरोदरपणात अंग वाढले, बाळ अंगावर पीत असले, महिन्याच्या दिवसांत जडपणा आला, तर त्याच चोळीची गाठ दोन बोटे पुढे बांधायची. खाली पोट मोकळे, त्यामुळे वारा लागे. अंगाला चोळीच्या मापात कोंबायचे नाही, चोळीनेच अंगाच्या मापात यायचे, असा तिचा धर्म होता.

परंतु चोळीचा सगळाच इतिहास गोड नाही. ब्राह्मण आणि इतर काही घरांत नवरा गेलेल्या बाईचे केशवपन होई, तिला लाल अलवण नेसवीत आणि तिची चोळी काढून घेत. थोर अंगाच्या बाईने नुसत्या अलवणात धुणी धुवायची, पाणी भरायचे, दळण दळायचे, या यातनेची आपण कल्पनाच करावी. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन उभे राहिले. अशा संस्थांतून विधवा बाई शिकली, कमावती झाली आणि माणसासारखी नीट वस्त्रे लेऊन बाहेर पडली. दक्षिणेकडे त्रावणकोर संस्थानात तर नाडर समाजाच्या बायकांना उच्चवर्णीयांपुढे छाती झाकण्याचीच बंदी होती. त्यांनी कित्येक वर्षे झगडा केला, मार खाल्ला, आणि १८५९ मध्ये संस्थानाला अंग झाकण्याची परवानगी जाहीर करावी लागली. तेव्हा चोळी ही हसण्यावारी नेण्याची वस्तू नाही. तिच्यासाठी बायकांनी रक्त सांडले आहे.

इंग्रजी अमदानीत चोळीचे रूप पालटले. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ मध्ये पतीबरोबर मुंबईला आल्या. तिथल्या पारशी बायकांची साडी नेसण्याची तऱ्हा पाहून त्यांनी साडीबरोबर जाकीट घालण्याची चाल बंगालमध्ये नेली. आपल्याकडे चोळीच्या जागी पोलके आले, मग झंपर आला. ही दोन्ही नावे साहेबाच्या भाषेतून आलेली आहेत. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, आणि त्याच्या चित्रांतली साडीचोळी ल्यालेली लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतीवर गेली. शिवणयंत्र आल्यावर शिवण झटपट होऊ लागली. पण बटणाच्या पट्टीला गाठीसारखे सैल होता येत नाही. एका मापाचे पोलके एकाच मापाला बसते, ही अडचण तेव्हापासूनची.

तिकडे युरोप-अमेरिकेतल्या बायका हाडांच्या आणि पोलादी पट्ट्यांच्या कॉर्सेटमध्ये गुदमरत होत्या. १९१४ मध्ये मेरी फेल्प्स जेकब या अमेरिकन बाईने दोन रुमाल आणि फीत जोडून केलेल्या हलक्या वस्त्राचे पेटंट घेतले. आपण जिला ‘बॉडी’ म्हणतो तिच्या पणजीपैकी ही एक. परंतु ती छाती सपाट करणारी होती, भारी अंगाला तिचा उपयोग नव्हता. पुढे १९२२ मध्ये न्यूयॉर्कला आयडा रोझेंथल यांनी आपले पती विल्यम आणि भागीदार एनिड बिसेट यांच्यासह उचलून धरणाऱ्या कटोऱ्यांची बॉडी केली, आणि १९३० नंतर कटोऱ्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे मिळाली. म्हणजे छातीचा घेर आणि कटोरीचा खोलपणा ही दोन निरनिराळी मापे आहेत, हे तिकडच्या बाजाराला इतक्या उशिरा समजले. आमच्या आजीला ते गाठ बांधताना रोज समजत होते!

आपल्या शेजारी फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. नेहरू अध्यक्ष होते, गांधीजींनी खादी व ग्रामोद्योगाचे प्रदर्शन उघडले. आजी तेव्हा लहान होती, आईच्या बोटाला धरून ते पाहायला गेली होती. त्यानंतर आमच्या घरात खादीची चोळी आली. “जाडीभरडी होती, पण घाम पिऊन घ्यायची,” असे ती सांगे. आपला खानदेश कापसाचा मुलूख. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल यांचे भोंगे आता बंद झाले. पण कापूस आपल्या शेतात अजून पिकतो आणि आपल्या अंगावर मात्र नायलॉन असते, याचे वाईट वाटते.

आता आजच्या उन्हाळ्याचे. घरात आपण बहुतेक जणी गाऊन घालतो. तो वाऱ्याला चांगला, पण भारी छातीच्या बाईला त्यात आधार कसला तो नसतो. तो छातीवरून तंबूसारखा खाली लोंबतो. दारी कोणी आले की आपण ओढणी शोधीत धावतो. मागे एका दुकानात मी माझ्या मापाचे मागितले, तेव्हा “तुमच्या मापाचे येत नाही,” असे पोराने सर्वांदेखत सांगितले. मी घरी आले, आजीची जुनी चोळी पेटीतून काढली, उसवली आणि तिच्यावरून शिकले. ते आपल्यासाठी लिहिते.

माप दोन घ्यावीत : एक छातीच्या लगेच खाली फासळ्यांभोवती, दुसरे छातीच्या भरलेल्या भागावरून. खालचा पट्टा पहिल्या मापाचा, दुहेरी पॉपलिनचा, तीन बोटे रुंद. तो पाठीवर वर चढत असेल तर सैल आहे असे समजावे. कटोरी वेगळी बेतून जोडावी; एकच मोठा टक घेतला तर टोक निघते, त्यापेक्षा दोनतीन लहान टक बरे. खांद्याचा पट्टा दोन बोटांहून कमी नको. कापड सुती घ्यावे, अस्तर मलमलीचे, आणि दोन्ही पाण्यातून काढून मगच कापावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटते. अशी बिनबाह्यांची चोळी गाऊनच्या आत खांद्याशी शिवून टाकावी, पुढून बटणाऐवजी गाठ ठेवावी, आणि गाऊनचा खालचा घेर छातीच्या खालच्या शिवणीपासून सोडावा. वरून पाहणाऱ्याला साधा उन्हाळी झगा दिसतो, आत आजीची चोळी असते. दोन कपड्यांचे काम एकात होते, आणि घामोळे निम्म्याहून कमी होते हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

गेल्या आखाजीला माझी भाची माहेरपणाला आलेल्या आईबरोबर आली होती. वय तेरा, बांधा आमच्याच घराण्याचा. झोक्याजवळ दोरी धरून उभी. तिला पाहिले आणि माझ्या पोटात कालवले. त्या रात्री बसून मी तिला तसा झगा शिवला. दुसऱ्या दिवशी ती झोक्यावर इतकी उंच गेली की तिच्या आईलाच भीती वाटली. जून महिन्यात ती आठवीच्या वर्गात गेली.

भगिनींनो, मंडळाकडे एक शिवणयंत्र आहे आणि दुपारच्या वेळी ते रिकामेच असते. चैत्रात आठवड्यातून एक दुपार मुलींच्या मापासाठी ठेवावी, दार लावून, हसल्यावाचून, एवढी माझी विनंती आहे. मुलीला तिच्या अंगाची लाज आपण शिकवतो. ती न शिकवणे आपल्याच हाती आहे. आजीचे वाक्य मला उशिरा समजले. आपल्या लेकींना ते वेळेवर समजावे.