हवा सोडणं सोपं असतं

वाळूत गाडी घालायच्या आधी टायरमधली हवा कमी करायची, हे आता फोर-व्हील-ड्राइव्हवाल्या कुठल्याही मित्राच्या बायकोलासुद्धा पाठ असतं. व्हॉल्व्हची टोपी काढायची, किल्लीच्या टोकाने मधली पिन दाबायची, फुस्स... ३२ वरून १५ पी.एस.आय. चारही चाकांचं मिळून पाच-दहा मिनिटांचं काम. खरा प्रश्न येतो तो संध्याकाळी, परत डांबरी रस्त्याला लागल्यावर.

आमच्यावर तो २०२३ च्या जानेवारीत आला. जैसलमेरच्या पुढे समच्या वाळूत दिवसभर मनसोक्त गाडी फिरवली, अंधार पडता पडता रस्त्यावर आलो. कॉम्प्रेसर होता की! मुठीएवढा, सिगरेट लायटरच्या सॉकेटला लावायचा, डब्यावर ठसठशीत '१५० पी.एस.आय.' छापलेला. पुढचे दोन टायर त्याने कसेबसे भरले. तिसऱ्याला जळका वास आला, आवाज बदलला आणि गडी कायमचा शांत झाला. मित्र म्हणाला, "चल रे, जोधपूरला बघू." जोधपूर तिथून तीनशे किलोमीटर! मी तयारही झालो होतो, खोटं कशाला बोलू. पण मागून गाडी बोटीसारखी डुलायला लागली तेव्हा घाबरलो आणि पंचवीसच्या वेगाने एक पंक्चरवाला गाठला. त्याने मागचे टायर रिमवरून उतरवले, आत हात घातला आणि ओंजळभर काळा भुगा काढून माझ्यापुढे धरला. टायरचंच रबर. कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडते, तापते आणि आतून स्वतःलाच दळत बसते. "नव्वदने गेला असतात तर इथे नसता आलात," असं काहीसं तो हिंदीत म्हणाला. दोन्ही टायर भंगारात.

पुण्याला आल्यावर नवा कॉम्प्रेसर घ्यायला बसलो. म्हणजे बसलो होतो घ्यायला, पण रोजचा धंदा डीबगिंगचा, त्यामुळे मूळ कारणापर्यंत गेल्याशिवाय चैन पडत नाही. आणि या बगचं मूळ थेट १८४५ पर्यंत जातं.

त्या वर्षी रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश इंजिनिअरने हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं. रबर लावलेल्या कापडाची नळी, वरून चामड्याचं आवरण. घोडागाडीला लावून लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये दाखवूनही झालं. चाललं उत्तम, पण विकलं कुणी घेतलं नाही आणि लोक विसरून गेले. इतके विसरले की बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने १८८७ मध्ये पोराच्या तीनचाकीसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधून काढली, १८८८ मध्ये पेटंटही मिळवलं आणि मग थॉमसनमुळे ते गमावलं! डनलॉपने त्या पहिल्या नळीत हवा भरली ती फुटबॉलच्या पंपाने. म्हणजे टायर नवा, पण हवा भरायचं साधन दुसऱ्याच खेळातलं उसनं. ही उसनवारी पुढे बरीच वर्षं चालली.

१८९५ मध्ये मिशलँ बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. पंक्चरवर पंक्चर. तरी रडतखडत शर्यत पुरी केली. १८९३ मध्ये अमेरिकेत श्रेडरच्या व्हॉल्व्हचं पेटंट झालं होतं. तुमच्या-माझ्या गाडीला आज जो व्हॉल्व्ह आहे तो मूळ हाच. सव्वाशेहून जास्त वर्षं न बदललेला इंटरफेस! आमच्या धंद्यात तीन वर्षं टिकलेल्या इंटरफेसला लोक 'लेगसी' म्हणतात.

हवा भरायला मात्र हातपंपच. काही महागड्या अमेरिकन मोटारींत १९१० च्या दशकात इंजिनवर चालणारा टायरपंप मिळायचा. बाकीच्यांसाठी एक झकास जुगाड होता: इंजिनचा एक स्पार्क प्लग काढायचा, त्या जागी पंप बसवायचा आणि उरलेल्या सिलिंडरांवर इंजिन चालू ठेवायचं. रिकामा झालेला सिलिंडर पंपातला पिस्टन हलवतो, आणि पंप असा रचलेला की टायरमध्ये पेट्रोलची वाफ न जाता बाहेरची हवाच जावी. मला ही कल्पना भयंकर आवडली. आपल्या गाडीवर करून बघायची हिंमत नाही, ती गोष्ट वेगळी.

आता वाळूकडे. पहिल्या महायुद्धात इजिप्तच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात ब्रिटिशांच्या लाइट कार पॅट्रोल फोर्डच्या 'मॉडेल टी' गाड्यांवर फिरत होत्या. टायर अरुंद, हवा कडक, आणि मोठ्या टेकड्यांची वाळू दिसली की वळसा. १९२३ मध्ये फायरस्टोनने रुंद, कमी दाबाचे 'बलून' टायर बाजारात आणले. ते शहरी लोकांचे धक्के कमी करायला होते, पण खरा फायदा उठवला तो राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश सैन्यातल्या सिग्नलवाल्या अधिकाऱ्याने.

बॅग्नोल्ड १९२६ मध्ये इजिप्तला आला. सुट्ट्या मिळाल्या की आपल्या पैशाने जुन्या फोर्ड घ्यायच्या आणि मित्रांबरोबर वाळवंटात घुसायचं, हा त्याचा वीकेंड. कैरोच्या भंगारवाल्याकडे त्याला युद्धातल्या खंदकांवर छप्पर म्हणून वापरायचे लोखंडी पत्रे मिळाले. रुतलेल्या चाकाखाली घालायला तेच नेले. आज रंगीत प्लॅस्टिकच्या 'रिकव्हरी ट्रॅक' म्हणून मिळतात त्यांचे हे आजोबा. आणि टायरमधली हवा मुद्दाम कमी करून सैल वाळूवर गाडी चालवायची पद्धत रुळवली तीही त्यानेच. १९३० च्या सुमाराला लिबियाच्या सीमेवरच्या 'ग्रेट सँड सी'मध्ये तो वाळूच्या भिंतीवर सरळ वेगाने चढला आणि गाडी रुतण्याऐवजी वर तरंगत गेली. हे सगळं 'लिबियन सँड्स' या १९३५ च्या पुस्तकात आहे. जरूर वाचा.

हे का चालतं त्याचं गणित सोपं आहे. माझ्या गाडीच्या एका चाकावर साधारण ४५० किलो येतात. ३२ पी.एस.आय. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. म्हणजे जमिनीला टेकलेला भाग सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. १५ वर आणलं की तोच ४२५ च्या आसपास. (टायरच्या बाजूही थोडं वजन उचलतात, त्यामुळे हे ढोबळ.) टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. वाळूवर दर चौरस सेंटिमीटरला पडणारा भार निम्मा. बास, एवढंच.

१९३९ मध्ये बॅग्नोल्डला केनियाला पाठवत होते. वाटेत भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली आणि स्वारी पोर्ट सैदला अडकली. तिथून जनरल वेव्हेलपर्यंत पोचली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर वेव्हेलने त्याला सहा आठवडे आणि मोकळा हात दिला. त्यातून उभं राहिलं ते लाँग रेंज डेझर्ट ग्रुप. १९४२ मध्ये भारतीय सैनिकांचं इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रनही याच्या जोडीला आलं, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. आणि फोर-व्हील-ड्राइव्हवाल्यांनो, जरा मन घट्ट करा: या मंडळींच्या सुरुवातीच्या शेव्हरोले टू-व्हील-ड्राइव्ह होत्या. १९४१ मध्ये फोर्डचे फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक मिळाले, ते पेट्रोल पिऊ लागले, आणि १९४२ मध्ये ग्रुप परत टू-व्हील-ड्राइव्ह शेव्हरोलेवर आला. वाळवंटात त्यांना टायर, हवा आणि ड्रायव्हरचं डोकं यांनी नेलं.

पण बॅग्नोल्डकडे वेळ होता. वाळू संपली की थांबायचं, पंप मारायचा. हे जिथे परवडण्यासारखं नव्हतं तिथे हवा भरण्याचा प्रश्न पहिल्यांदा नीट सुटला: समुद्रातून किनाऱ्यावर चढणाऱ्या गाडीत. १९४२ चा अमेरिकन 'डक', म्हणजे जी.एम.सी.च्या सहाचाकी ट्रकला बोटीचं अंग. पाण्यातून वाळूवर आणि वाळूवरून पक्क्या रस्त्यावर, तेही तोफा चालू असताना. कोण उतरणार पंप घेऊन? म्हणून त्यात गाडीवरच कॉम्प्रेसर बसवला, चाकांपर्यंत नळ्या नेल्या आणि ड्रायव्हरने बसल्या जागेवरून टायरचा दाब कमी-जास्त करायचा. ही योजना फ्रँक स्पीअर या तरुण लेफ्टनंटची. सैन्यातल्या वरच्या लोकांना हे ध्यान फारसं पसंत नव्हतं. मग डिसेंबर १९४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्रॉव्हिन्सटाउनजवळ वादळात तटरक्षक दलाची बोट वाळूच्या दांड्यावर अडकली आणि प्रात्यक्षिकासाठी आलेल्या डकने सात जणांना सोडवून आणलं. त्यानंतर विरोध मावळला. सिसिली, नॉर्मंडी, एकूण एकवीस हजारांवर गाड्या. रशियनांनी नक्कल केली आणि १९५८ च्या झिल-१५७ ट्रकमध्येही चालत्या गाडीत हवा भरायची सोय दिली.

सामान्य माणसाला मात्र यातलं काही मिळालं नाही. त्याला पंक्चरवाला. छोट्या विजेच्या कॉम्प्रेसरला वाट करून दिली ती बॅटरीने: १९५० च्या दशकात मोटारी ६ व्होल्टवरून १२ वर आल्या. तीनशे वॅटच्या मोटरला ६ व्होल्टवर ५० अँपियर लागतात, १२ वर २५. तारा निम्म्या जाडीच्या पुरतात. १९८७ मध्ये मेलबर्नच्या ए.आर.बी. कंपनीने हवेवर चालणारा डिफरेन्शियल लॉक घेतला आणि त्यासाठी गाडीत छोटा कॉम्प्रेसर बसायला लागला. तो लावलाच आहे तर टायरही भरा, असं ऑस्ट्रेलियन लोकांनी केलं. पुन्हा उसनवारी! फुटबॉलच्या पंपासारखीच.

आता माझा बग. माझ्या २४५/७५ आर १६ टायरच्या पोटात साधारण ७० लिटर जागा. १५ वरून ३२ ला न्यायला बाहेरची अंदाजे ८० लिटर हवा लागते. चारांना ३२० च्या वर. एवढी हवा दाबायला ऊर्जा किती? हिशेब केला तर ३५ किलोज्यूलच्या आसपास. एका ग्लुकोज बिस्किटात याच्या दुपटीहून जास्त असते! मग यंत्र जळलं कसं?

उष्णतेने. सत्तावीस अंशांची हवा झटक्यात ३२ पी.एस.आय. पर्यंत दाबली की हिशेबाने ती १४५ अंशांपर्यंत तापते. ती ज्या सिलिंडरमधून जाते तो सुपारीएवढा असला, आणि मोटरची स्वतःची उष्णता वर, तर ती जाणार कुठे? लायटरच्या सॉकेटला बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपियरचा फ्यूज; म्हणजे जेमतेम १५० वॅट. त्यात मिनिटाला दहा-बारा लिटर हवा निघाली तर चार टायरांना अर्धा तास. डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: दहा मिनिटं चालवा, पंधरा मिनिटं थांबा. कोण वाचतो? डब्यावरचे १५० पी.एस.आय. तर निव्वळ करमणूक. मला ३५ च्या वर कधी जायचंच नाही.

म्हणून या वेळी दाबाचा आकडा बघितलाच नाही. तीन गोष्टी बघितल्या. मिनिटाला किती लिटर, तेही शून्य दाबावर नव्हे तर ३० पी.एस.आय. वर (हे सांगायला विक्रेते फार कुरकुर करतात, एकाने तर मलाच विचारलं की हे कशाला हवं). सलग किती मिनिटं चालतो. आणि वीज थेट बॅटरीला चिमटे लावून घेतो का. धातूच्या पंख्या असलेला सिलिंडर, तापलं की आपोआप बंद होणारा स्विच, ३० अँपियर, सात किलोचं धूड. जुन्याच्या चौपट किंमत. दोन टायरांच्या किमतीपुढे काहीच नाही, हे बायकोला सांगून झालं. नळी मात्र मागच्या चाकापर्यंत पोचते ना हे दुकानातच गाडी लावून बघा. आपण बॉनेटपासून मोजायला विसरतो.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारही चाकं १५ वर आणली, इंजिन चालू ठेवलं आणि घड्याळ लावलं. अकरा मिनिटं वीस सेकंद. सिलिंडरला हात लावला तर चटका बसला, पण आवाज पहिल्यासारखाच. वॉचमन काका सगळं बघत होते. म्हणाले, "साहेब, एवढं भरलंत तर माझ्या सायकलमध्ये पण मारा की."

सायकलचा व्हॉल्व्ह निघाला जुन्या पद्धतीचा, ज्याला दुकानदार अजून 'डनलॉप' म्हणतात तो. श्रेडरची नोझल बसेना. पेटीतल्या पिशवीत आणखी तीन नोझल होत्या. पहिली फुटबॉलची. ती बाजूला ठेवली आणि दुसरी लावून बघितली, ती बसली.