तासिक माध्य, भूचुंबकीय

एका तासातील भूचुंबकीय वेधांची सरासरी म्हणजे तासिक माध्य होय. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षणोक्षणी बदलत असल्यामुळे एका क्षणाचा आकडा सबंध तासाचा प्रतिनिधी ठरत नाही. म्हणून ही रीत अवलंबिली जाते.

वेधाबरोबर त्याची अचूक वेळ नोंदण्याची शिस्त कार्ल फ्रीड्रिख गौस यांच्या प्रेरणेने १८३० नंतरच्या दशकात रुजली. ठरलेल्या दिवशी, गॉटिंगेनच्या वेळेनुसार, निरनिराळ्या वेधशाळांत दर पाच मिनिटांनी एकाच वेळी वेध घेतले जात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत (स्थापना १८२६) चुंबकीय वेध १८४१ पासून सुरू झाले. निरीक्षक दुर्बिणीतून मोजपट्टीवरील अंक वाचून वहीत उतरवीत. एरवी तासाला एक वेध पुरे. क्षेत्र क्षुब्ध झाले की मात्र पंधरा किंवा पाच मिनिटांनी वाचन करावयाचे, असा तेथील प्रघात होता.

या प्रघाताचे मोल १८५९ मध्ये प्रत्ययास आले. १ सप्टेंबर रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सूर्यावरील तेजस्वी उद्रेक पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सु. १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला. ब्रूस त्सुरुतानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केल्यावर हा आकडा सर्वत्र उद्धृत होऊ लागला. त्याची तुलना मार्च १९८९ मधील वादळाशी करण्याचा मोह साहजिक होता. त्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा बंद पडला होता. परंतु १९८९ च्या वादळाचा उणे ५८९ नॅनोटेस्ला हा निर्देशांक अनेक वेधशाळांच्या तासिक माध्यांवरून काढलेला आहे, तर मुंबईचा आकडा एका ठिकाणचा व एका क्षणाचा. मुंबईच्या वेधांचे तासिक माध्य काढल्यास घसरण सु. ८५० ते ९५० नॅनोटेस्लांपर्यंत उतरते. वादळ तरीही असामान्यच ठरते, पण दुप्पट-तिप्पट अंतराची भाषा टिकत नाही.

हे माध्य काढणेही सरळ नाही. आजची संगणक-आज्ञावली प्रत्येक नोंदीची वेळ वाचते, ती कोणत्या तासात मोडते ते ठरविते व त्या तासाच्या नोंदींची बेरीज करून संख्येने भागते. हे काम मोजक्या ओळींचे आहे. मात्र वेध असमान अंतराने घेतलेले असले, तर नुसत्या भागाकाराने फसगत होते : ज्या पाव तासात घाईघाईने चार वेध घेतले त्याला उरलेल्या पाऊण तासाहून अधिक वजन मिळते. वादळाच्या वेळी नेमके असेच घडते, कारण निरीक्षक घसरणीच्या काळातच वारंवार वाचन करतो. म्हणून प्रत्येक वेधाला त्याने व्यापलेल्या कालावधीचे वजन द्यावे लागते. अकरा वाजताचा वेध मागच्या तासाचा की पुढच्या, हा प्रश्न किरकोळ भासतो. पण दोन वेधशाळांनी त्याचे वेगळे उत्तर दिले, तर त्यांचे आकडे जुळत नाहीत.

छायाचित्रण पद्धतीने अखंड आलेख मिळू लागल्यावर अडचण बरीच दूर झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉट्सडॅम येथे आडोल्फ श्मिट यांनी क्षणिक वाचनाऐवजी तासिक माध्याचा अवलंब केला आणि पुढे तीच प्रथा सर्वमान्य झाली. आलेखावर काचपट्टी ठेवून, रेषेच्या वरचे व खालचे क्षेत्रफळ नजरेने सारखे करून माध्य वाचले जाई.

विजेच्या ट्रामगाड्यांमुळे मुंबईत वेध दूषित होणार हे ओळखून नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. जुनी मालिका नवीशी जोडता यावी म्हणून काही काळ दोन्ही ठिकाणी वेध घेण्यात आले. १८४६ ते १९०५ या काळातील मुंबईचे वेध मूस यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले.