बीज आणि भवितव्य

‘खाण तशी माती’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तिच्यात एक सिद्धान्त दडलेला आहे हे ध्यानातच येत नाही. मूळ ठरले की पुढचे सारे ठरले, असा तो सिद्धान्त. गर्भविज्ञानाने त्याची परीक्षा कशी घेतली, हे साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहावे असे आम्हांस वाटते.

1888 मध्ये विल्हेल्म रू या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातील एक पेशी तप्त सुईने मारली. उरलेल्या पेशीतून अर्धाच भ्रूण वाढला. प्रत्येक पेशीचे भवितव्य आधीच ठरलेले असते, असे त्यावरून मानले गेले. परंतु 1891 मध्ये हान्स ड्रीश याने सी अर्चिन या काटेरी सागरी जीवाच्या भ्रूणाच्या दोन पेशी एकमेकींपासून अलग केल्या, तेव्हा एकेका पेशीतूनही लहान, पण पूर्ण डिंभ निपजला.

सस्तन प्राण्यांचा भ्रूण गर्भाशयाच्या आड असल्याने तेथे हा निवाडा लांबला. वॉल्टर हीप याने 1890 मध्ये इंग्लंडमध्ये अँगोरा सशांचे दोन भ्रूण बेल्जियन हेअर जातीच्या मादीच्या उदरात ठेवले. जन्मलेल्या सहा पिलांपैकी दोन अस्सल अँगोराच निघाली. भ्रूण शरीराबाहेर वाढवणे मात्र अवघडच होते. 1956 मध्ये वेस्ली व्हिटन याने उंदराचे आठ पेशींचे भ्रूण साध्या पोषक द्रवात पुढे वाढवले. 1958 मध्ये ॲन मॅक्लारेन आणि जॉन बिगर्स यांनी असे भ्रूण पुन्हा मादीच्या गर्भाशयात ठेवून जिवंत पिले मिळवली.

मग पोलंडच्या आंद्रझेय तारकोव्स्की याने रूचाच प्रश्न उंदराला विचारला. दोनपैकी एक पेशी नष्ट केली, तरी उरलेलीतून पूर्ण उंदीर जन्मला (1959). दोन भ्रूण एकत्र जोडले, तर त्यांतून एकच प्राणी घडला (1961). पेशीचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी तिच्या जागेवर अवलंबून असते, असे त्याने व योआना व्रुब्लेव्स्का हिने 1967 मध्ये मांडले: बाहेरच्या पेशींतून वारेचा भाग, तर आतल्यांतून प्रामुख्याने देह.

म्हणजे म्हण सर्वस्वी खोटी नाही. हीपची अँगोरा पिले तिच्या बाजूने साक्ष देतात. जात बीजाने ठरते. पण एकेका पेशीचे कार्य शेजाराने आणि जागेने ठरत जाते. लेखकाच्या कुळावरून त्याच्या लेखनाचा अर्थ लावताना आपण या दोन गोष्टींची गल्लत तर करीत नाही ना, हे एकदा तपासून पाहावे.