टांगती तलवार नेमकी कोणाच्या डोक्यावर?

मागच्या वर्षी ऑफिसात एक मेल आला. कंपनीत होऊ घातलेल्या फेरबदलांबद्दल. त्या फेरबदलांना विशेषण लावलं होतं 'इम्पेंडिंग'. कोणाला काढणार, कधी काढणार, काहीच लिहिलं नव्हतं. पुढचे सहा आठवडे मी कोड कमी लिहिला आणि ईएमआयचे हिशेब जास्त केले. एका रात्री झोप येईना, म्हणून त्या शब्दाचंच मूळ शोधत बसलो.

'इम्पेंड' हे इंग्रजी क्रियापद लॅटिनमधल्या 'इम्पेन्देरे'वरून आलं. अर्थ, वर लटकत असणं. घड्याळाचा पेंड्युलम, गळ्यातलं पेंडंट आणि आपल्या प्रत्येक कामावरचं 'पेंडिंग' ही त्याचीच भावंडं. पेंडिंग म्हणजे नुसतं लटकलेलं. इम्पेंडिंग म्हणजे आपल्या डोक्यावर लटकलेलं.

रोमन वक्ता सिसेरो याने इ.स.पू. ४५ मध्ये लिहिलेल्या 'टस्क्युलन डिस्प्युटेशन्स'मध्ये हेच क्रियापद एका तलवारीसाठी वापरलं आहे. सिसिलीतल्या सिरॅक्युजचा हुकूमशहा डायोनिशियस. त्याच्या वैभवाचे गोडवे गाणारा खुशमस्कऱ्या डॅमोक्लिस. राजा म्हणाला, बस माझ्या जागी. सोन्याचा पलंग, पक्वान्नं, अत्तरं. आणि बरोबर मानेवर, घोड्याच्या एका केसाला बांधलेली नंगी तलवार. डॅमोक्लिसच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी 'मला जाऊ द्या' म्हणून त्याने हात जोडले. तलवार पडलीच नाही. तिचं काम लटकण्यानेच झालं होतं.

'टांगती तलवार' मराठीतही रुळली. आपण ती कंत्राटी कामगाराच्या, भाडेकरूच्या डोक्यावर टांगतो. सिसेरोने मात्र ती सत्तेच्या आसनावर टांगली होती. त्याचा डायोनिशियस इतका भेदरलेला, की न्हाव्याचा वस्तरा नको म्हणून दाढी मुलींकडून करून घ्यायचा.

हे वाचल्यावर दुसऱ्या दिवशी चहाला मी साहेबांना थेट विचारलं. मेल त्यांच्याच नावाने आला होता. ते म्हणाले, "यादी मलाही दाखवलेली नाही रे. माझं नाव आहे की नाही, तेही माहीत नाही."

सहा आठवड्यांनी आम्ही दोघंही वाचलो. पण मनात राहिली ती गोष्टीतली एक बारीक बाब. डॅमोक्लिसला त्या जागेवरून उठता आलं. राजाला येत नव्हतं. आणि वीस वर्षांचं गृहकर्ज डोक्यावर असलेल्या आम्हा दोघांनाही.